सार्वजनिक आहे म्हणून?

आज सौंदत्तीला यल्लम्माच्या पौर्णिमेची गर्दी टिपायला गेलो होतो. जोगळभावीवर, म्हणजे तिथल्या स्नानाच्या कुंडावर, बायका आंघोळ करून ओल्या अंगानं वर येत होत्या आणि काठावर पोरं मोबाईल उंचावून उभी! फार राग आला. मी कॅमेरा खाली घेतला आणि भंडारा उधळणाऱ्यांकडे वळलो.

भाचा म्हणाला, "मामा, सार्वजनिक जागा हाय की. परदेशात तर लोक उघडेच सायकली चालवतात, त्यांचे फोटो सगळे काढतात."

ती वर्ल्ड नेकेड बाईक राईड. २००४ पासून अनेक देशांत निघते. तेलावर चालणाऱ्या जगाचा निषेध, आणि गाड्यांच्या गर्दीत सायकलवाला किती असुरक्षित असतो ते दाखवायचं. कपडे किती काढायचे ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

म्हणजे तो मोर्चा आहे. त्यांच्या पाठीवर रंगवलेली घोषणा टिप, सायकलींची रांग टिप. चेहरा जवळून हवा तर आधी विचार. लांबची लेन्स लावून आडोशानं कुणाचं अंग टिपणं ही मला चोरीच वाटते, मग ते लंडन असो की जोगळभावी. आणि कुणी 'फोटो पुसून टाक' म्हटलं तर त्यांच्यासमोरच पुसायचा.

"मग फोटो लई कमी येतील की," भाचा म्हणाला.

येऊ देत.