खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी

इंटरनेटवरच्या फुकटच्या खेळाला भीडभाड नसते. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ११० व्या मिनिटाला फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या मटेराझीच्या छातीत डोकं घातलं, लाल कार्ड घेतलं आणि मान खाली घालून करंडकाच्या शेजारून आत निघून गेला. आमच्या कोल्हापुरात त्या रात्री काही घरांत अक्षरशः सुतक होतं. पेठेपेठेचा फुटबॉल संघ असलेलं गाव हे. शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीचा संघ हरला की माणसं शेजारच्या पेठेतून जायचं टाळतात, तिथं झिदान म्हणजे घरचाच. आणि काही दिवसांतच नेट कॅफेत त्याच प्रसंगावरचा खेळ येऊन धडकला. टिचकी मारायची, झिदान डोकं घालणार, मटेराझी आडवा. पुन्हा टिचकी, पुन्हा आडवा. कालपर्यंत हळहळणारी पोरंच खुर्चीला खुर्ची लावून खिदळत होती. ‘खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी’ ही आमच्याकडची म्हण इतकी शब्दशः दुसरीकडं कुठं खरी झालेली मला माहीत नाही.

पुढं २००८ च्या डिसेंबरात बगदादमध्ये एका पत्रकारानं बुशसाहेबांवर बूट भिरकावले. बुश दोन्ही वेळा वाकून वाचले. मग ब्राउझरमध्ये बूट फेकायचा खेळ आला आणि जगभरच्या लोकांनी ते काम घरबसल्या पुरं केलं. असल्या खेळांना कथा नसायची आणि चित्रं तर शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर काढल्यासारखी. पण वेळ अचूक साधलेली. मोठी कंपनी असती तर परवानगी, करार, वकील यांतच वर्ष गेलं असतं. इथं एक पोरगा, एक संगणक आणि फ्लॅश नावाचं सॉफ्टवेअर एवढ्यावर भागायचं. टॉम फल्प या अमेरिकन गड्यानं १९९५ मध्ये सुरू केलेल्या न्यूग्राउंड्स या वेबसाइटवर तर कुणीही आपला खेळ आणून टाकावा आणि लोकांनी तो डोक्यावर घ्यावा किंवा हाणून पाडावा, असा रोखठोक कारभार. २०२० संपताना फ्लॅश बंद पडलं. बरेचसे जुने खेळ ‘रफल’ नावाच्या जुगाडामुळं आजही चालतात, म्हणून रडगाणं गात बसत नाही.

माझा भाचा ज्या खेळावर पडीक असतो, तो याच खानदानातला. ‘फ्रायडे नाइट फंकिन’. २०२० च्या ऑक्टोबरात चार जणांनी एका स्पर्धेसाठी झटपट केलेला. निळ्या केसांचा, लाल टोपीवाला एक पोरगा. त्याला पोरगी पटलीय, पण पोरीचा बाप जुना रॉकस्टार आणि वर राक्षस. लग्नाची बोलणी माइकवर. बाप चार ओळी गाणार, पोरानं तशाच्या तशा परत मारायच्या, आपण फक्त बाणांची बटणं दाबायची. रॅपवाल्यांचा सगळा तोरा, ते हातवारे, एकमेकांची उतरवणं, यात आहे. फक्त शब्द नाहीत. नायक आपला ‘बीप बॉप’ करतो. बापाला हरवलं की पुढं आई उभी, तीही धावत्या लिमोझिनच्या टपावर. एवढा गोंधळ चालू असताना पोरगी शांतपणे एका थोरल्या स्पीकरवर पाय सोडून बसलेली असते.

रॅप ऐकणाऱ्यांना याचा राग का येत नाही? मला वाटतं, गाणी खरोखर चांगली आहेत म्हणून. करणाऱ्याला ठेका कळतो. वगातला सोंगाड्या राजाची टर उडवतो ती दरबार आतून बघितल्यासारखी. बाहेरच्यानं तेच केलं तर त्याला चहाटळपणा म्हणतात. रॅपची काडीची माहिती नसलेला माणूस रॅपची नक्कल करायला लागला की मी तरी उठून जातो.

ती स्पीकरवरची पोरगी बघूनच मला वाटलं, आपल्या डॉल्बीवर असा खेळ कसा कुणी केला नाही? कोल्हापूरची विसर्जन मिरवणूक म्हणजे आयता खेळ. पहिला टप्पा मिरजकर तिकटी. मग बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश आणि शेवटी विसर्जन. डाव्या बाणानं बेस, उजव्या बाणानं लेसर, वरच्या बाणानं पोरं नाचणार. खालचा बाण आवाज कमी करायचा, आणि तो मुद्दामच अडकणारा. पोलिसदादा डेसिबल मोजायचं यंत्र घेऊन फिरत असणार. नियमात निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे नियमाप्रमाणं खेळायचं तर पहिल्या गाण्याचं पहिलं ‘धप्’ वाजलं की खेळ खलास. मोठं संकट अर्थात पोलिस नव्हे, पुढचं मंडळ. ते महाद्वार रोडवर एका जागी जे रुतून बसतं, ते हलतच नाही. मध्येच जनरेटर बंद पडणार, ट्रॉलीपुढं वायर आडवी येणार आणि ती बांबूनं वर उचलणारा गडी हाच खेळातला खरा शूरवीर. माडीवर एक आजीबाई ठेवायच्या. त्यांनी खिडकी धाडकन लावली की पन्नास गुण वजा. पण पोरांनी मधेच आरती लावली, की आजी खिडकी उघडून हात जोडणार आणि शंभर गुण देणार.

आवाजानं छातीत धडधडतं म्हणून मी दर वर्षी वैतागतो आणि तरीही पापाच्या तिकटीला उभा असतो. तेवढ्यावर माझा या टवाळीचा हक्क शाबूत आहे, असं मी धरून चालतो.

भाच्याला बेत सांगितला तर तो हसायचं सोडून थेट कामालाच लागला.

“मामा, हिरो आपलंच मंडळ करायचं की.”

“मग पलीकडच्या पेठेतलं कोण खेळणार?”

“त्यांना त्यांचं मंडळ हिरो करून देऊया. खेळ तोच, बॅनर बदलायचा. पुढं अडवून बसलेलं मंडळ मात्र कायम दुसऱ्याचं.”

“आणि दोघं समोरासमोर आले तर?”

त्यानं डोकं खाजवलं. “तेव्हा खालचा बाण चालूच होणार नाही,” तो म्हणाला आणि वहीचं मागचं पान उघडून ट्रॉली काढायला बसला.