नीटला मार्क कमी पडले का गं?

लातूरच्या बसस्टँडवर आज शेजारी बसलेल्या मावशींनी विचारलं. मी बीए करते, एवढंच सांगितलं होतं. त्यांच्या मांडीवर पोराच्या क्लासची बॅग होती आणि आवाजात खरी काळजी. त्यामुळं रागही येईना. ‘नाही मावशी, मीच घेतलंय,’ म्हणाले, तेवढ्यात बस लागली.

पण मन सकाळच्या तासातच अडकलेलं.

कॉलेज छोटं, मराठीच्या वर्गात आम्ही सात जण. मॅडमनी बाक गोल करायला लावले. विषय गंगाखेडच्या जनाबाईचा. विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो, तो अभंग. भक्ती, दासीपण, नामदेवांचं घर, सगळं बोलून झालं.

मग कधीच न बोलणारी एक जण, बाकावरची खडूची धूळ बोटानं गोळा करत म्हणाली, ‘देवाला यावं लागलं, कारण घरातलं कुणी खुंट्याला हात लावत नव्हतं. माझ्या आईचंही तसंच आहे.’

मॅडमनी पुस्तक मिटून ठेवलं. नुसता पंख्याचा आवाज.

१९५८ पर्यंत मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, डिग्री हैदराबादच्या उस्मानियाची असायची. त्याआधीच, १९५० साली, बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, आजचं मिलिंद. त्यात सायन्स होतं आणि आर्ट्सही. आर्ट्स म्हणजे उरलेल्यांची जागा, हे आपण कधीपासून धरून चाललो?

आणि त्या मावशींना हे सगळं, बस लागायच्या आत, कसं सांगायचं?