तोर्गाचं क्रियापद

रविवार, रात्री साडेअकरा

आरेन गेला.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, पात्रं होऊन खेळायच्या खेळात चौदा महिने दर रविवारी खेळवलेला माझा रेंजर, म्हणजे रानावनातला लढवय्या, आज गुडघाभर पाणी साचलेल्या एका तळघरात संपला. तीन घूल, म्हणजे प्रेतं खाणारे राक्षस, अंगावर आले आणि दुसऱ्याच फेरीत त्याचे हिट पॉइंट, म्हणजे उरलेला जीव, शून्यावर गेले. बार्डचे, म्हणजे आमच्या गाणाऱ्या मांत्रिकाचे, स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधी) सकाळच्या लढाईतच संपले होते आणि क्लेरिक, म्हणजे बरं करणारा पुरोहित, आमच्या पार्टीत कधी नव्हताच. मग डेथ सेव्ह, म्हणजे जगतो की मरतो याचा फासा. विसाचा फासा टाकायचा. दहा किंवा वर आलं तर एक यश, खाली आलं तर एक अपयश. जे आधी तीन होईल ते खरं. मला आधी ७ पडले. पुढच्या फेरीत १. एक पडला की दोन अपयशं धरतात.

दादाने फासा उचलला नाही, तसाच टेबलावर राहू दिला. दादा म्हणजे माझ्या मित्राचा मोठा भाऊ, आमचा डीएम, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा. सहकारनगरच्या त्याच्या घरी आम्ही जमतो. कुणी काही बोलत नव्हतं. मग त्याच्या मुलीने, ती नववीत आहे, तिच्या हाफलिंग (बुटक्या जमातीतल्या) चोराच्या वतीने सांगितलं, “काका, मी आरेनच्या भात्यातला एक बाण घेतो. माझ्याजवळच ठेवतो. कुणाला देणार नाही.”

घरी येईपर्यंत गाडीवर डोळे भरून येत होते. कागदावरचा माणूस होता, हे मला माहीत आहे. पण चौदा महिने होता.

मंगळवार

दादाचा मेसेज आला, नवीन कॅरेक्टर पाचव्या लेव्हलचं बनव, घाई नाही. ऑफिसातून आल्यावर कॅरेक्टरचे सहा गुण ठरवायला फासे काढले. चार सहाचे फासे टाकायचे, सर्वांत लहान सोडून द्यायचा, उरलेल्या तिघांची बेरीज लिहायची. असं सहा वेळा. मला पडले १६, १४, १३, १२, १०, ७.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचं डन्जन्स अँड ड्रॅगन्स पहिल्यांदा छापलं गेलं, तेव्हा तीनच फासे होते आणि पडेल तो आकडा पडेल त्या जागी. स्ट्रेंथला ५ पडले तर ५. नशिबात आलेला माणूस घ्यायचा आणि तो कोण आहे ते शोधायचं. चार फाशांची पद्धत १९७९ च्या डीएमच्या पुस्तकात आली, आणि आकडे हव्या त्या गुणाला लावायची मोकळीक मिळाली. तीन फाशांची सरासरी साडेदहा येते, या पद्धतीची सव्वाबाराच्या आसपास. आम्ही अजून २०१४ चीच पुस्तकं वापरतो. २०२४ ची सुधारित आवृत्ती चांगली आहे असं सगळे म्हणतात, पण चालू कॅम्पेनच्या मध्यात नियम बदलायला आमचा जीव होत नाही.

७ कुठे टाकायचे यावर सगळं कॅरेक्टर उभं राहतं, असं माझं पक्कं मत झालंय. १६ कुठेही शोभतात.

क्लेरिक करायचं, हे तर रविवारी रात्री गाडीवरच ठरलं होतं. जे कुणी तिथे असतं तर आरेन वाचला असता, ते कॅरेक्टर. स्पेअर द डाइंग नावाचा एक साधा मंत्र क्लेरिकला येतो. स्लॉट लागत नाही, कितीही वेळा करता येतो. शून्यावर पडलेल्याला नुसता हात लावायचा, तो मरायचा थांबतो. बरा होत नाही, उठत नाही. फक्त थांबतो. तो मंत्र मी कॅरेक्टरच्या शीटवर नावाच्याही आधी लिहिला.

बुधवार

हिल ड्वॉर्फ, म्हणजे ठेंगण्या, दणकट जमातीतली. बाई. वय २१०. ड्वॉर्फ साडेतीनशे वर्षं जगतात, म्हणजे आपल्या हिशेबाने साठीच्या आत-बाहेर. पुस्तकातल्या ड्वॉर्फ नावांच्या यादीत ‘तोर्गा’ सापडलं आणि पुढे शोधलंच नाही. माण तालुक्यातल्या कुठल्याही गावात हाक मारून बघा, कुणीतरी ओ देईल असं नाव.

सुईण आहे ती. माझी आजी सुईण होती.

हे लिहायला मला दोन दिवस लागले. आजीने किती बाळंतपणं केली हे तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून माजघराच्या भिंतीवर ती कोळशाने एकेक रेघ ओढायची. दिवाळीला घर सारवताना तेवढा हातभर तुकडा सोडून द्यायचे. तोर्गा आपल्या लढाईच्या हातोड्याच्या दांड्यावर खाचा पाडते. आत्तापर्यंत ४१२.

विज्डमला १६, हिल ड्वॉर्फ असल्याचा एक धरून १७. कॉन्स्टिट्यूशनला, म्हणजे काटकपणाला, १४ आणि ड्वॉर्फपणाचे दोन. चौथ्या लेव्हलला मिळालेल्या दोन गुणांतला एक विज्डमला, एक स्ट्रेंथला. करिष्म्याला ७. म्हणजे कुणाचं मन वळवायचं तर फाशातून दोन वजा. पण आजीला चारचौघांत गोड बोलता यायचं नाही, यात कमीपणा आहे असं मला कधी वाटलं नाही.

बॅकस्टोरी चार ओळींची लिहिली. आरेनची मी तीन पानं लिहिली होती; वडिलांचा खून, जळालेलं गाव, हरवलेली बहीण. चौदा महिन्यांत त्यातलं जेमतेम अर्धं पान कामाला आलं. आम्हाला त्याच्याबद्दल जे आठवतं ते त्या पानांत नव्हतंच. तो दाराकडे पाठ करून कधी बसायचा नाही, आणि हे तिसऱ्या की चौथ्या सेशनला माझ्या तोंडून सहज निघून गेलं होतं.

शुक्रवार

एक अडचण आहे आणि ती कुठल्याच पुस्तकात नाही.

तोर्गा चालते. मी चालतो. मग टेबलावर मी काय म्हणायचं?

इंग्रजीत ही अडचण येतच नाही. तिथे ‘मी’ म्हटल्यावर क्रियापद बोलणाऱ्याचं काही सांगत नाही. पुरुषाने बाई खेळवली, बाईने पुरुष खेळवला, वाक्य तेच. आमच्या टेबलावर सुरुवातीला बरंचसं इंग्रजीच चालायचं, कारण पुस्तकं इंग्रजी आणि आम्ही सगळे ऐकत आलेलो खेळ इंग्रजी. हळूहळू मराठी झालो. फासे, लेव्हल, स्पेल इंग्रजीच राहिले, माणसं मराठीत बोलू लागली. आरेन पुरुष होता, त्यामुळे माझ्या क्रियापदाला कधी ठेच लागली नाही. आता ‘मी दार उघडतो’ म्हणालो तर दार मी उघडलं, तोर्गाने नाही.

‘तोर्गा दार उघडते’ असं म्हणून सुटता येतं. पुष्कळ जण तसंच खेळतात आणि त्यात काही कमी नाही. पण मला तिच्याबद्दल सांगायचं नाहीये.

आणि आत्ता, हे लिहिताना लक्षात आलं. “आरेनच्या भात्यातला एक बाण घेतो.” नववीतली मुलगी सहा महिने ‘मी लपतो’, ‘मी कुलूप उघडतो’ म्हणत खेळतेय. तिचा चोर, टिक, मुलगा आहे म्हणून. आमच्यापैकी एकालाही ते वेगळं वाटलं नाही, इतकं ते तिच्या तोंडात बसलंय.

आंघोळीच्या वेळी म्हणून बघितलं. मी येते. मी बघते. मी नाही घाबरत.

रविवार

पहिलं सेशन.

सरदाराच्या वाड्यावर पार्टीला आत घेईनात. दादाने तो सरदार छान तयार केला होता. चाळिशीचा, गर्विष्ठ, बापाच्या खुर्चीत नुकताच बसलेला. बार्डने ‘महाराज, आपण’ असं सुरू केलं. सरदार ऐकून घेत होता पण वितळत नव्हता. मग दादाने माझ्याकडे पाहिलं, “आणि ही म्हातारी?”

माझ्या तोंडून निघालं, “काय रं लेकरा, जेवलास का न्हाय?”

आजी तलाठ्यालाही असंच म्हणायची. तिच्या लेखी आख्खं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, मग अहो-जाहो कुणाला करायचं? २१० वर्षांच्या बाईला चाळिशीचा सरदार म्हणजे पोरच. मी आधी काही ठरवलं नव्हतं, पण बोलायला तोंड उघडलं की मराठीत हे ठरवावंच लागतं. तू, तुम्ही की आपण. ते निवडलं की कोण मोठं, कोण लहान, कोण कुणाचं काय लागतं हे सगळं एका शब्दात येऊन जातं.

दादा दोन क्षण गप्प बसला. मग म्हणाला, “पर्सुएजन टाक. अ‍ॅडव्हान्टेजने.” म्हणजे मन वळवायला विसाचे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. ४ आणि १७. सतरातून करिष्म्याचे दोन गेले, पंधरा. त्याला पंधराच हवे होते.

सरदार म्हणाला, “नाही जेवलो.” दादाने हे इतक्या हळू आवाजात म्हटलं की वहिनी स्वयंपाकघरातून डोकावल्या.

एक भीती मला होती आणि ती अजून पूर्ण गेलेली नाही. इंग्रजी टेबलांवर ड्वॉर्फ म्हटला की स्कॉटिश ढंगात बोलायची रीतच आहे. मी माणदेशी बोली घेतली, तर ती सोंगासारखी वाटेल का? शहरात बसून गावाकडची भाषा हसण्यावारी नेणारे मी भरपूर पाहिलेत. तेव्हा स्वतःपुरता एक नियम केलाय: तोर्गा त्या बोलीत शहाणपणाचं बोलेल, रागावेल, हिशेब करेल, प्रार्थना करेल. टेबलाला हसवण्यासाठी ती बोली वापरायची नाही.

क्रियापदाचं म्हणाल तर तीनदा चुकलो. ‘मी जातो’ म्हणून गेलो आणि थांबलो. कुणी दुरुस्त केलं नाही.

गुरुवार

१९६९ मध्ये डेव्हिड वेस्ली नावाच्या माणसाने मिनेसोटात एक युद्धखेळ मांडला, ब्राउनस्टाइन. नेपोलियनच्या काळातलं एक जर्मन गाव. पलटणी हलवण्याऐवजी एकेका खेळाडूला गावातला एकेक माणूस दिला. खेळ नीट पार पडला नाही असं वेस्लीला वाटलं, कारण जो तो आपापल्या माणसाच्या उद्योगांतच रमला. पण खेळणाऱ्यांना तेच हवं होतं, आणि त्यांच्यात डेव्ह अर्नेसन होता. मला या गोष्टीत रस आहे तो एवढ्यासाठी, की ड्रॅगन नंतर आले. आधी, एक खेळाडू म्हणजे एक माणूस, एवढंच आलं.

रविवार (चार आठवड्यांनी)

आज ‘आपण’ म्हणालो. म्हणाले.

पहिल्या सेशनपासून तोर्गा पार्टीला ‘तुम्ही’ म्हणत होती. “तुम्ही पोरं पुढं व्हा.” “तुमचं सोनं तुम्ही वाटून घ्या.” मी मुद्दाम करत नव्हतो, पण आरेनच्या जागी आलेली बाई लगेच ‘आपण’ कशी म्हणेल? ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत जी भिंत आहे ती तिला ओलांडायची होती आणि मला तिला घाई करायची नव्हती. आज घाट उतरताना रात्र झाली, बार्डचा पाय मुरगळलेला, आणि मी म्हणाले, “आता आपण हितंच ऱ्हाऊ.”

बार्बेरियन (रानटी योद्धा) खेळवणारी मैत्रीण वहीत काहीतरी लिहीत होती. तिने मान वर केली, काही बोलली नाही, परत लिहू लागली.

रविवार

पुलावर दरोडेखोरांनी गाठलं. दिवसभरातली तिसरी लढाई, माझे सगळे स्लॉट संपलेले. टिक पडला. पुलाच्या पलीकडच्या टोकाला, माझ्यापासून नकाशावर आठ चौकोन. ड्वॉर्फ एका फेरीत पाचच चौकोन चालतात. हीलिंग वर्ड हा बरं करायचा मंत्र लांबून करता येतो पण त्याला स्लॉट लागतो. मग उरला तो एकच मंत्र, स्पेअर द डाइंग, आणि त्याला हात लागावा लागतो.

पोरीने पहिला डेथ सेव्ह टाकला, ६. दुसरा, १२. तिसरा, ९. दोन अपयशं, एक यश.

माझी पाळी. “मी पळते,” म्हणाले.

“डॅश?” दादा. म्हणजे त्या पाळीची अॅक्शन खर्चून दुप्पट पळायचं.

“हो.”

“पोचलीस. पण अ‍ॅक्शन संपली. पुढच्या फेरीपर्यंत काही करता येणार नाही.”

“मग मी त्याच्याजवळ बसते.”

परत तिची पाळी. तिने फासा हातात धरून ठेवला, खूप वेळ. काका म्हणून माझ्याकडे पाहत नव्हती, खाली पाहत होती. टाकला. ११.

दरोडेखोरांची पाळी, बार्बेरियनची पाळी, मग माझी. मी हात पुढे केला, खरंच केला, टेबलावरून, नकाशावर आडवी पडलेली तिची छोटी मूर्ती बोटाने धरली.

दादा म्हणाला, “काय म्हणतेस त्याला?”

म्हणतेस, म्हणाला.

मला जे आठवलं तेच म्हणाले. आजी नाळ कापून झाल्यावर बाळाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायची, “आलास न्हवं, आता ऱ्हा.”

पोरीने शीटच्या कडेला खोडरबरने दोन अपयशं पुसली. मग पिशवीतून पेन्सिलीएवढी एक काडी काढून माझ्यासमोर ठेवली. एका टोकाला कागदाची पिसं चिकटवलेली. “टिक शुद्धीवर आला की हा तुला देणार आहे, तोर्गाआजी. आरेनचा आहे.”

रात्री शीट काढून सामानाच्या रकान्यात दुरुस्ती केली. हातोडा, खाचा ४१३. त्याखाली, बाण १.

पुढच्या रविवारी सेशन नाही, तिची घटक चाचणी आहे.