कंबरेचं हाड म्हणजे कुठलं गे ते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा विषय मी घरात काढत नाही. जेवायच्या वेळी हाडांच्या गोष्टी नकोत, असा सासूबाईंचा दंडक होता आणि त्या गेल्यावरही मी तो मोडलेला नाही.

मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवते. मुलं त्याला अॅनाटॉमी म्हणतात. हे कळलं की बेळगावात, आमच्या वडगावच्या गल्लीत, हळदीकुंकवाला नाहीतर लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विचारतंच, "अक्का, कंबरेचं हाड म्हंजे नक्की कुठलं गे ते?" विचारता विचारता हात ठेवून जागाही दाखवतात. एकीचा हात बरगड्यांच्या खाली, दुसरीचा पाठीच्या कण्यावर, तिसरी मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबते. समोरच्या काकू तर थेट बैठकीवर थापटी मारून म्हणतात, "मी बसलो की दुखतंय, उठलो की न्हाई." (आमच्याकडे बायकाही 'मी बसलो', 'मी जातो' असंच म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) चौघींच्या चार जागा, आणि चौघींची कंबरच दुखत असते.

खरं उत्तर असं की कंबर नावाचं हाडच नाही. कंबर हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याआधीचा आपला शब्द माज, म्हणजे मध्य. माजघरातला माज तोच. कानडीतही 'नडू' म्हणजे मध्य आणि 'नडू' म्हणजेच कंबर. दोन्ही भाषांनी शरीराच्या मधल्या जागेला नाव दिलं, तिथल्या हाडाला दिलं नाही. गंमत म्हणजे युरोपातल्या वैद्यांनाही ते जमलं नाही. त्या हाडाला लॅटिनमध्ये 'ऑस इनॉमिनेटम' म्हणत. त्याचा अर्थच मुळी 'नाव नसलेलं हाड'.

का, ते हाड हातात घेतलं की कळतं. पहिल्या दिवशी मुलं हाडांच्या पेटीतून मांडीचं हाड, कवटी, बरगडी ओळखीच्या माणसासारखी उचलतात. हे एक हातात आलं की फिरवत बसतात. वर पंख्यासारखं पसरलेलं, मध्ये आवळलेलं, खाली एक मोठं भोक, बाहेरच्या अंगाला खोल वाटी. खानापूरच्या कुंभारानं चाकावरून ओली कुंडी उचलताना ती हातात पिळली गेली, तर जशी दिसेल तसं. कशासारखं म्हणावं हेच कळत नाही. ह्या वाटीचं नाव मात्र अगदी घरगुती आहे. 'ॲसिटॅब्युलम' म्हणजे रोमन लोकांच्या जेवणातली व्हिनेगरची वाटी. मांडीच्या हाडाचा गोळा ह्याच वाटीत बसतो. आपण त्याला उखळीचा सांधा म्हणतो.

हे हाड जन्मतः एक नसतं, तीन असतात. वरचा पंखा म्हणजे श्रोणिफलक, खालचं बसायचं ते आसनास्थी आणि पुढचं जघनास्थी. तिघांची भेट वाटीच्या तळाशी होते आणि लहानपणी तिथं इंग्रजी वाय अक्षरासारखी कूर्चा असते. साधारण १४ ते १७ वर्षांच्या दरम्यान ती कूर्चा हाडात बदलते आणि तिघं एकजीव होतात. वरच्या कडेवरची पट्टी तर विशी ओलांडल्यावर कुठं पूर्ण जुळते. कोर्टात मुलाचं किंवा मुलीचं वय ठरवायचं असलं की मनगटाबरोबर कंबरेचाही एक्स-रे काढतात, तो त्यासाठी. अशी डावी-उजवी दोन हाडं, मागं त्यांच्यामध्ये पाचर मारल्यासारखं त्रिकास्थी आणि त्याच्या टोकाला माकडहाड, एवढं मिळून श्रोणी होते. सुश्रुतानं श्रोणीत पाच हाडं मोजली आहेत. सबंध शरीराची तो ३०० सांगतो आणि आपण २०६, पण इथं मात्र तो आपल्या फार लांब नाही. त्रिकास्थीला युरोपात 'पवित्र हाड' म्हणतात. माकडहाडात ग्रीकांना कुक्कू पक्ष्याची चोच दिसली, आपल्याला शेपटी दिसली. मला विचाराल तर आपली नजर जास्त बरोबर.

आता स्वतःच्या अंगावर शोधा. भांडायला उभ्या राहतो तसे दोन्ही हात कंबरेवर ठेवा. पंजा जिथं टेकतो ती पंख्याची वरची कड. पोर कडेवर बसतं ते तिच्या आधारानं, घागर टेकते तीही तिथंच. पोराचा करदोटा खाली घसरत नाही, कारण ही कड त्याला अडवते. दोन्ही बाजूंच्या कडांचे सगळ्यात उंच बिंदू पाठीवरून एका रेघेनं जोडले, तर ती रेघ कंबरेच्या चौथ्या मणक्याजवळून जाते. सिझेरियनच्या आधी भुलीचा डॉक्टर पाठीत सुई देतो तेव्हा तो आधी दोन्ही हातांनी ही कडच चाचपतो. सुई कुठल्या दोन मणक्यांच्या मधून घालायची, हे तिच्यावरूनच ठरतं.

आणखी एक गोष्ट मुलं हमखास चुकतात. श्रोणीचा सांगाडा दिला की ती परातीसारखा सपाट धरतात. मी त्यांना भिंतीपाशी नेते. पंख्याचं पुढचं टोक आणि जघनास्थीचा उंचवटा, दोन्ही एकाच वेळी भिंतीला टेकवायला लावते. मग दिसतं, की ही परात नाहीच. उभ्या माणसात ती पुढं कललेली असते, ओतायला वाकवलेल्या कळशीसारखी. वरचं तोंड जमिनीशी साधारण ५५ ते ६० अंशांचा कोन करतं.

समोरच्या काकूंची गोष्ट वेगळी, कारण ती आमच्या घरची आहे.

आमचं घर विणकराचं. वडगाव, खासबाग, शहापूर ह्या भागात एके काळी घरटी मागाचा आवाज असायचा. आप्पांचा माग खड्ड्यातला. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडायचे, कडेला आडवी फळी टाकून तिच्यावर बसायचं आणि सकाळी जे बसायचं ते दिवे लागेपर्यंत. हातात धोटा, पाय खाली पट्ट्या दाबताहेत, म्हणजे अंगाचा सगळा भार फळीवर. आप्पा रात्री कुशीवर झोपायचे. आईला सांगायचे, कंबर गेली. आई कंबरेला, म्हणजे पाठीला, एरंडेल चोळायची. वर्षानुवर्षं चोळलं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना एका जुन्या पुस्तकात वाचलं, 'विव्हर्स बॉटम'. विणकराची बैठक! आजारच आहे तो, आणि त्याचं पाठ्यपुस्तकातलं नाव आमच्या गल्लीवरून ठेवल्यासारखं. आपण बसतो ते आसनास्थीच्या खालच्या दोन जाड गाठींवर. उभं असताना कुल्ल्याचा मोठा स्नायू ह्या गाठी झाकून असतो. बसलो की तो वर सरकतो आणि गाठ आणि फळी ह्यांच्यात कातडी, थोडी चरबी आणि घर्षण कमी करणारी एक पातळ पिशवी एवढंच उरतं. कठीण जागी तासन्‌तास बसून आणि पाय हलवत राहून ही पिशवी सुजते. बसलं की दुखतं, उठलं की थांबतं. काकूंचं वाक्य जसंच्या तसं! त्यांनी तीस वर्षं पाटावर बसून कांड्या भरल्या आहेत.

सुट्टीला घरी आले तेव्हा आप्पांना म्हटलं, बोट ठेवून दाखवा. मुलीसमोर कुठं बोट ठेवायचं, म्हणून ते नुसते हसले. आईनं मात्र एरंडेलाची वाटी माझ्यासमोरच आत नेऊन ठेवली.

दुसरा नेहमीचा प्रश्न पुरुष मंडळींचा. "म्याडम, नुसत्या हाडावरनं बाई का बाप्या कसं कळतंय?" तर श्रोणी हाताशी असेल तर फार सोपं. पुढं दोन जघनास्थी जुळतात, त्यांच्या खाली कमान होते. तर्जनी आणि मधलं बोट फाकवून पाहा, तेवढी अरुंद कमान पुरुषाची. अंगठा आणि तर्जनी ताणा, तेवढी रुंद बाईची. मागच्या कडेला एक मोठी खाच असते. तिच्यात अंगठा घातला आणि तो इकडंतिकडं हलला तर बाई, अडकून बसला तर बाप्या. पुस्तकं म्हणतात की एकट्या श्रोणीवरून शंभरात पंच्याण्णव वेळा उत्तर बरोबर येतं. कवटीवरून एवढी खात्री नसते. वयात न आलेल्या पोराचं हाड असेल, तर मात्र हा अंगठा काही कामाचा नाही.

वयही कळतं. जघनास्थीचे दोन चेहरे जिथं एकमेकांसमोर येतात, तो पृष्ठभाग तरुणपणी उंचसखल असतो. पावसाआधी नांगरून ठेवलेल्या तांबड्या रानासारख्या त्याच्यावर सऱ्या दिसतात. वय वाढेल तशा त्या बुजत जातात. १९२० मध्ये टॉड नावाच्या शास्त्रज्ञानं ह्याचे टप्पे लावून दिले आणि हाडं ओळखणारे लोक अजून तिथूनच सुरुवात करतात. शेतकऱ्याघरच्या मुलांना हे एकदा सांगितलं की परत विचारावं लागत नाही.

बाळंतपणाबद्दल मात्र जरा रागानं लिहिते. मुलगी बघायला जाणाऱ्या बायका कंबर बघून ठरवतात, "रुंद हाय, सुखानं बाळंत होईल." बाहेरून दिसते ती पंख्यांची रुंदी. बाळ जातं त्या आतल्या वाटेशी तिचा फारसा संबंध नाही. वाट बघायची तर ती आतून. वरच्या दाराशी ती आडवी जास्त रुंद असते, साधारण १३ सेंटिमीटर, आणि पुढून मागं ११. खालच्या दाराशी उलट, पुढून मागं जास्त लांब. बाळाचं डोकं कानाच्या वरच्या बाजूला आडवं साधारण साडेनऊ. म्हणून ते वर आडवं शिरतं आणि खाली येताना वळतं. किल्ली कुलुपात फिरते तसं. 'बाळंतपणात इतकी हाडं एकदम मोडल्याइतक्या कळा' असे निरोप मोबाईलवर फिरतात. हाड एकही मोडत नाही. पुढच्या सांध्यातली चार-पाच मिलिमीटरची फट दोन-तीन मिलिमीटरनं वाढते, माकडहाड जरा मागं सरकतं, बस्स. मुडदूस झालेल्या पोरीची श्रोणी मात्र वाढीच्या वयातच चपटी होते. तिची वाट खरोखर अडते आणि ते बाहेरून, साडीवरून दिसत नाही. बघायचंच असेल तर पोरीच्या लहानपणी ताटात काय होतं आणि अंगावर ऊन पडत होतं की नाही, ते बघा.

सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माची ओटी भरायला मराठी बायका जातात, तशा कानडी बायका 'उडी' भरायला जातात. तांदूळ, नारळ, खण पदरात घेतात ती जागा बरोबर ह्या कळशीच्या तोंडाशी. ओटी आणि ओटीपोट. हाडाला नाव देता आलं नाही, पण जागेचा मान आपण राखला आहे.

आणि पायाळू! आमच्या गल्लीत एक मामा पायाळू होते. कंबरेत उसण भरली की लोक त्यांच्या दारात पालथे पडायचे आणि मामा हलकेच लाथ मारायचे. उसण स्नायूंची असते, दोन-चार दिवसांत आपली आपण जाते, त्यामुळे मामांचा हात, म्हणजे पाय, कधी अपयशी ठरला नाही. त्या वाटेनं उलटा आलेला माणूस त्या वाटेच्या दुखण्यावर औषध, ही कल्पना ज्यानं पहिल्यांदा लढवली त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते.

म्हाताऱ्या माणसांचं 'खुबा मोडला' हे दुखणं ह्यात धरू नका. मोरीत पाय घसरला आणि खुबा गेला, असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मोडलेली असते ती मांडीच्या हाडाची मान, वाटीच्या बाहेरची. श्रोणी स्वतः कडं आहे. काचेची बांगडी एकाच जागी फुटत नाही, तसं हे कडंही मोठ्या अपघातात मोडलं तर सहसा दोन जागी मोडतं आणि आत रक्तस्राव होतो. ते वेगळं आणि गंभीर काम. ठिसूळ झालेल्या हाडांच्या आज्जींना साध्या पडण्यानंही पुढच्या बाजूला तडा जाऊ शकतो, म्हणून एक्स-रे टाळू नये.

तेव्हा डॉक्टरकडे जाल तेव्हा नुसतं 'कंबर' म्हणू नका. एक बोट ठेवा आणि बसल्यावर दुखतं, उठताना दुखतं की पायात उतरतं, तेवढं सांगा. काकूंना मी जाड, मऊ बैठक घ्यायला आणि तासातासाला उठायला सांगितलं. आप्पांनी माझं ऐकलं होतं की नाही, ते मला बरीच वर्षं कळलं नाही. त्यांच्या पश्चात माग विकला, तेव्हा फळीवरचं पोतं उचललं. खाली आईच्या जुन्या शहापुरी लुगड्याची आठपदरी घडी होती, चारी कोपऱ्यांना सुतळीनं फळीला बांधलेली.