तुम्ही विचारलंत म्हणून : फॅक्टरीच्या फाटकावर मी काय करत होते

"ऊसवाल्याची लेक तू, जन्मात कधी गोमांस तोंडाला लावलं नाहीस. मग त्या कत्तलखान्याच्या दारात धरणं धरलेल्या शेतकऱ्यांना चहा पाजत कशाला उभी होतीस?"

पहिल्यांदा हे मावशीने फोनवर विचारलं. मग इथल्या, आयर्लंडमधल्या, मराठी मंडळींनी गणपतीच्या आरतीनंतर विचारलं. वॉर्डातल्या आयरिश मैत्रिणी वेगळ्या शब्दांत विचारतात, पण प्रश्न तोच. सहा वर्षं मी "असंच, शेजारी आहेत म्हणून" एवढ्यावर वेळ मारून नेली. तेवढंच कारण नव्हतं.

माझं माहेर शिरोळ तालुक्यात. मी आयर्लंडच्या मधल्या भागात एका गावाबाहेर राहते आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात नर्स आहे. आमच्या परसाला लागून ज्यांचं कुरण आहे, ते शेजारी साठी ओलांडलेले. वीसेक गाई, त्यांची वासरं, हिवाळ्यासाठी मुरघास आणि एक जुना ट्रॅक्टर, एवढा त्यांचा संसार. इथले शेतकरी कत्तलखाना हा शब्द फारसा वापरत नाहीत. नुसतं 'फॅक्टरी' म्हणतात. आपल्याकडे 'कारखाना' म्हटलं की साखर कारखाना, दुसरं काही मनात येत नाही, अगदी तसं. मला ते पहिल्या महिन्यातच लक्षात आलं होतं. पण त्या दोन शब्दांत किती साम्य आहे, हे कळायला २०१९ उजाडावं लागलं.

त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी शेजाऱ्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि टेबलावर एक कागद ठेवला. फॅक्टरीची पावती. एका खोंडाची एक ओळ. वजन ३५० किलो. जिवंत जनावराचं नव्हे, सोललेल्या धडाचं. पुढे प्रतीचं अक्षर, पुढे चरबीचा आकडा, मग किलोचा दर. आणि बोनसच्या रकान्यात शून्य.

प्रत कशी ठरते ते त्यांनी पेन घेऊन समजावलं. सगळ्या युरोपात एकच पट्टी आहे: ई, यू, आर, ओ, पी. अंगाने भरलेलं जनावर ई, हाडकुळं पी. चरबीला एक ते पाच आकडे. आर ही मधली प्रत, तिच्यावर मूळ दर. वर गेलं की काही सेंट वाढतात, खाली आलं की कापले जातात. २००४ पासून हे मोजमाप बहुतेक मोठ्या फॅक्टऱ्यांत यंत्र करतं. यंत्र फॅक्टरीत, काटाही फॅक्टरीत. चरबी किती तासून काढायची आणि वजन कशाचं धरायचं, हेही तिथेच होतं. शेतकरी तेव्हा घरी असतो.

मी त्या कागदाकडे बघत राहिले. आमच्या दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, खिशात अशाच घडी घातलेल्या वजनपावत्या असायच्या. काटा कारखान्याचा, उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, तोही कारखान्याने काढलेला, आणि आपला ऊस तर मोळी बांधून गेलेला. टनाला किती बसलं हे पुढे कधीतरी बिलावरून कळायचं. काटामारी, म्हणजे वजनात मारलेला हात, हा शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकले.

बोनस शून्य का, हे विचारलं तर शेजाऱ्यांनी जन्मतारखेवर बोट ठेवलं. खोंड तीस महिने आणि नऊ दिवसांचं होतं.

तीस महिन्यांची ही रेघ आली मॅड काऊ रोगाच्या काळात. त्याहून मोठ्या जनावराच्या मांसात धोका अधिक, असं तेव्हा धरलं होतं. रोग आटोक्यात आला, चाचण्या सैल झाल्या, रेघ मात्र राहिली. गिऱ्हाईक असलेल्या सुपरमार्केटांना असंच जनावर लागतं, असं फॅक्टऱ्या सांगत. तीस महिन्यांच्या आत, दर्जाची नोंदणी असलेलं, शेवटच्या गोठ्यात निदान ७० दिवस राहिलेलं, जन्मात चारपेक्षा जास्त गोठ्यांत न राहिलेलं. हे सगळं जुळलं तर किलोला १२ सेंट बोनस. नऊ दिवसांनी त्यांचे ४२ युरो गेले.

"मग आधी का नाही पाठवलं?" मी विचारलं.

"फोन केला होता," ते म्हणाले. "फॅक्टरीने तीन आठवडे नंबरच लावला नाही."

इथे मला आमच्या ओसरीवरची संध्याकाळ आठवली. ऊस पक्का झालाय, रानात तुरे दिसायला लागलेत, वजन घटतंय, आणि दादा रोज चिटबॉयच्या, म्हणजे कारखान्याच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाच्या, घरी खेपा घालतायत, तोडीची चिठ्ठी कधी मिळेल म्हणून. तोडणीची टोळीच येत नाही. ऊस पिकवून नजरेसमोर उभा असतो आणि तो विकायची सत्ता आपल्या हातात नसते. माल परत घरी आणता येत नाही. तोडलेल्या उसाचं दोन दिवसांत सरपण होतं, आणि तीस महिन्यांचं खोंड दावणीला ठेवलं तर रोज खातं, चरबी चढते, प्रत घसरते. अशा मालाच्या मालकाशी घासाघीस करायची खरेदीदाराला गरजच पडत नाही. त्याने फक्त थांबायचं.

मावशी, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पुढचं सगळं तपशील.

जुलैच्या अखेरीस 'बीफ प्लॅन मूव्हमेंट' नावाच्या नव्या संघटनेने फॅक्टऱ्यांच्या फाटकांवर धरणं धरलं. मूळ दर पडत पडत पुढे सप्टेंबरपर्यंत किलोला ३.४५ युरोंच्या आसपास आला. आमचे शेजारी म्हणायचे, चार युरोंच्या खाली हाताशी काही उरत नाही. वर ब्रेक्झिटची टांगती तलवार, कारण आयर्लंडचं दहापैकी नऊ भाग गोमांस परदेशी जातं आणि त्यातलं जवळपास निम्मं ब्रिटनला. त्यातच जूनच्या शेवटी युरोपने दक्षिण अमेरिकेतल्या देशांशी करार ठरवला, तिकडचं ९९,००० टन गोमांस कमी जकातीत येऊ देण्याचा. सरकारने आणि युरोपने मिळून १० कोटी युरोंची मदत जाहीर केली होती. पण फाटकावरच्या लोकांना मदत नको होती, भाव हवा होता.

त्याच दिवसांत आमच्या घरी पाणी शिरलं. २०१९ चा ऑगस्ट कोल्हापूर-सांगलीकडची माणसं विसरणार नाहीत. शिरोळ तालुका बुडाला. भाऊ म्हशी सोडून माडीवर चढायला तयार नव्हता. शेवटी दावी कापून त्याने जनावरं उंचावर नेली, एक रेडकू गेलं. ऊस किती दिवस पाण्याखाली होता ते मी मोजणं सोडून दिलं. रात्रपाळीत फोन खिशात थरथरला की हात गार पडायचे. मी सकाळी घरी परतले की शेजारी कुंपणाशी उभे असायचे. "पाणी उतरलं का? म्हशींना चारा आहे का?" जनावरांची चौकशी त्यांनी माणसांच्या आधी केली, म्हणून मला रडू आलं. ज्याने गोठा सांभाळलाय त्यालाच ते सुचतं.

ऑगस्टच्या मध्याला चर्चेसाठी धरणं थांबलं, चर्चेतून हाती काही लागलं नाही, आणि महिनाअखेर शेतकरी पुन्हा फाटकांवर आले. या वेळी संघटनेच्या नावाशिवाय, आपापले. आमच्या शेजाऱ्यांनीही रात्रीची पाळी घेतली. रात्रपाळी संपवून मी त्या रस्त्यानेच घरी यायची. पहाटे सहाला पिंपात लाकडं जळत असायची, चार-सहा माणसं अंगावर ओले कोट घालून बसलेली. एका सकाळी गाडी थांबवली आणि थर्मासमधला आल्याचा चहा त्यांना दिला. मग रोजच थर्मास भरून न्यायला लागले. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. त्या दिवशी मोदक घेऊन मात्र मी तिथे गेले नाही. माझ्याच्याने झालं नाही, आणि ते तुमच्यापासून लपवणार नाही. त्या भिंतीपलीकडे काय होतं ते मला ठाऊक आहे. आजीने गाईला पहिला घास काढून ठेवल्याशिवाय कधी ताट ओढलं नाही, तिची नात मी. पण ज्या माणसाने त्या खोंडाला जन्मताना हात लावला, बर्फात रात्री बाटलीने दूध पाजलं, त्याला लुबाडलं जात असताना माझी श्रद्धा मध्ये आणून मी मान फिरवावी, हे मला पटलं नाही.

भिंतीपलीकडे कामगारही होते. त्यांतले बरेच ब्राझीलचे. फाटक बंद म्हणून हजारो कामगारांना काही काळ घरी बसवलं गेलं. त्यांच्यापैकी एकीचं बाळंतपण आमच्या रुग्णालयात झालं. नवऱ्याचा पगार थांबलाय, हे ती मला सांगत होती. शेतकऱ्यांची बाजू घेताना तिचा चेहरा मी बाजूला सारू शकले नाही, अजूनही नाही.

भावाला मी हिशेब सांगितला तेव्हा तो म्हणाला, "३५० किलो, साडेतीन युरो. म्हणजे एका खोंडाचे लाखभर रुपये होतात की! मग रडतात कशाला?" शंका रास्त होती. आमच्याकडे गोऱ्ह्याला २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बाजारच उरलेला नाही. पण अडीच वर्षांचं खाणं, हिवाळ्यात पाच महिने गोठ्यात मुरघास आणि पेंड, गाईचा वर्षभराचा खर्च, डॉक्टर, डिझेल, हे वजा करा. इथली सरकारी कृषी संशोधन संस्था टीगास्क दरवर्षी शेतांची पाहणी करते. गाई राखून वासरं वाढवणाऱ्या शेतांचं सरासरी उत्पन्न त्या काळात वर्षाला दहा हजार युरोंच्याही खाली होतं, आणि ते अनुदान धरून. अनुदान काढलं तर तोटाच. मी हे सांगितल्यावर भाऊ गप्प झाला. मग म्हणाला, "त्यांना एफआरपी नाही का?"

नाही. उसाला निदान एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर आहे. त्या हंगामात १० टक्के उताऱ्याला टनाला २,७५० रुपये होता. चौदा दिवसांत द्यायचा असा नियम आहे. तो पाळला जात नाही म्हणून भांडता तरी येतं, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत उभं राहून आकडा मागता येतो. आयर्लंडच्या खोंडाला असा आकडाच नाही. त्याहून वाईट म्हणजे, शेतकऱ्यांनी एकत्र बसून फॅक्टऱ्यांशी दराची बोलणी करणं स्पर्धा कायद्यात बसत नाही. कायद्याच्या दृष्टीने वीस गाईंचा मालक हाही एक स्वतंत्र धंदा. त्यामुळे सप्टेंबरमध्ये तेव्हाचे कृषिमंत्री मायकेल क्रीड यांनी दोन्ही बाजूंना एका टेबलाशी आणलं, तेव्हा ज्या मूळ दरासाठी माणसं रात्री भिजत होती त्याचंच नाव काढता येत नव्हतं. हे ऐकून मी सुन्न झाले होते. फाटकावरच्या शेतकऱ्यांना कंपन्यांच्या वकिलांची पत्रं येत होती, न्यायालयाचे मनाईहुकूम येत होते. आमच्या शेजाऱ्यांनी असं पत्र बायकोला न दाखवता मला वाचायला दिलं, इंग्रजी त्यांची मायबोली असूनही. त्यांना फक्त कोणीतरी ते वाचताना शेजारी बसायला हवं होतं.

१५ सप्टेंबरला समझोता झाला. बोनस १२ सेंटांवरून २० वर गेला. तीस ते छत्तीस महिन्यांच्या जनावरालाही ८ सेंट मिळू लागले. म्हणजे शेजाऱ्यांच्या त्या नऊ दिवसांनी उशीर झालेल्या खोंडाला आता निदान २८ युरो मिळाले असते. ग्राहकाच्या एका युरोतले किती कोणाकडे जातात हे तपासायला एक कार्यदल नेमलं. मूळ दर जिथल्या तिथे राहिला.

म्हणूनच राग शमला नाही. नोव्हेंबरच्या शेवटी ट्रॅक्टर डब्लिनमध्ये शिरले आणि सेंट स्टीफन्स ग्रीनच्या भोवती रात्रभर उभे राहिले. डिसेंबरात शेतकरी सुपरमार्केटांच्या गोदामांच्या दारात गेले. तेव्हा इथले पंतप्रधान लिओ वराडकर होते, मालवणजवळच्या वराड गावचे नातू. ते त्याच डिसेंबरअखेर वराडला जाऊन आले. आमच्या नात्यागोत्यात केवढा आनंद झाला! फाटकावर मला एकाने विचारलं होतं, "तुमच्याकडचा ना तो? सांग की त्याला आमचं." माझा मोठेपणा समजून त्याने अगदी मनापासून विचारलं होतं. मी काय सांगणार होते?

सुपरमार्केटच्या गोदामाशी जाणं मला सगळ्यात पटलं. मी स्वतः तिथे भाजी घेते. किमा आणि गाजरं गिऱ्हाईक ओढायला म्हणून स्वस्त लावलेली असतात. ती सवलत देणारा फलकावर दुकानदार दिसतो, पण तिची किंमत बऱ्याचदा गोठ्यातून वळती होते. पुढे २०२३ च्या डिसेंबरात अन्नसाखळीवर देखरेख ठेवणारं एक नियामक कार्यालय सुरू झालं. फाटकावरच्या त्या रात्रींचा त्यात वाटा आहे, असं मी मानते.

आणि भाव? तो आला. २०२५ च्या वसंतात किलोला सात युरोंच्या वर गेला. कारण आंदोलन नव्हतं. जनावरंच कमी झाली होती. लोकांनी गाई विकल्या होत्या.

आमच्या शेजाऱ्यांनी २०२१ मध्ये विकल्या. शेवटची गाडी गेली त्या दिवशी त्यांनी रिकामा गोठा धुतला, पुन्हा धुतला, आणि दार लावून घेतलं. आता कुरण एका दूधवाल्याने भाड्याने घेतलंय. दराची बातमी त्यांनी मला कुंपणावरूनच सांगितली, आकडा दोनदा म्हटला, आणि हातमोजे काढून खिशात ठेवले.

परवा जानेवारीच्या थंडीत पुन्हा कुंपणाशी भेटले. भावाच्या उसाला तुरा आलाय, हे मी त्यांना मागेच सांगितलं होतं.

"कारखान्याने नंबर दिला का त्याला?"

म्हटलं, "अजून चिठ्ठी आली नाही."