हापूसच्या पेट्या, खाडीतली होडी आणि दोन समीकरणं

दहावीच्या गणित भाग १ मधलं पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं. समीकरणं आयती दिली की मुलं ती पटापट सोडवतात, पण तीच शब्दांत आली की पान कोरं राहतं. अडतं ते बहुतेक वेळा पहिल्याच ओळीवर. ‘समजा, पेट्या = क्ष’ असं लिहून भागत नाही. कसल्या पेट्या? क्ष ही पेट्यांची संख्या, आंब्यांची की रुपयांची? हे पूर्ण वाक्यात लिहिलं की अर्धं उदाहरण तिथेच सुटतं.

एका बागेतून हापूसच्या ५० पेट्या भरल्या. काही ४ डझनी, बाकीच्या ६ डझनी. आंबे एकूण २३६ डझन. तर कोणत्या पेट्या किती?

समजा, ४ डझनी पेट्यांची संख्या क्ष आणि ६ डझनी पेट्यांची संख्या य. मजकुरात माहिती दोनच आहे, एक पेट्यांची आणि एक आंब्यांची, म्हणून समीकरणंही दोनच:

क्ष + य = ५०
४क्ष + ६य = २३६

पहिल्याला ४ ने गुणून दुसऱ्यातून वजा केलं की २य = ३६. म्हणजे य = १८, क्ष = ३२. ताळा: १२८ + १०८ = २३६ डझन.

आता चूक बघा. प्रश्नात ‘२३६ डझन’ऐवजी ‘२,८३२ आंबे’ दिलं असेल आणि मुलाने डावीकडे ४क्ष + ६य तसंच ठेवलं, तर य = १,३१६ आणि क्ष = −१,२६६ येतं. डावीकडे डझन, उजवीकडे नग. एका समीकरणाच्या दोन्ही बाजूंचं एकक एकच हवं. इथे निदान ऋण पेट्या बघून चूक कळते. सगळ्याच चुका इतक्या प्रामाणिक नसतात.

हेच क्रेमरच्या पद्धतीने (स्विस गणिती गाब्रिएल क्रेमर, १७५०) केलं तर सहगुणकांचे तिरपे गुणाकार करून त्यांची वजाबाकी घ्यायची; तिला निश्चयक म्हणतात. मुख्य निश्चयक १×६ − १×४ = २. क्ष चा ५०×६ − १×२३६ = ६४, य चा १×२३६ − ५०×४ = ३६. दोन्हींना मुख्य निश्चयकाने भागलं की ३२ आणि १८. मात्र आधी दोन्ही समीकरणांत स्थिरपद, म्हणजे चल नसलेली संख्या, उजवीकडे नेलेलं हवं. ते डावीकडेच ठेवून अंक उचलले की चिन्हं उलटी पडतात.

वयाच्या उदाहरणात ‘५ वर्षांपूर्वी’ दोघांच्याही वयातून ५ वजा होतात, एकाच्या नाही. दोन अंकी संख्येत दशकस्थानी य, एककस्थानी क्ष असेल तर संख्या १०य + क्ष. ‘यक्ष’ लिहिलं की तो गुणाकार होतो. या दोन प्रकारांत याहून अवघड काही नसतं.

खरी मजा होडीत आहे. ओहोटीला, म्हणजे सुकतीला, होडी समुद्राकडे १५ किमी अंतर १ तास १५ मिनिटांत जाते. त्याच प्रवाहाविरुद्ध परत यायला १ तास ४० मिनिटं लागतात. संथ पाण्यातला होडीचा वेग ताशी क्ष किमी, प्रवाहाचा ताशी य किमी. १५ ला ५/४ तासांनी भागून क्ष + य = १२, आणि ५/३ तासांनी भागून क्ष − य = ९. बेरीज-वजाबाकी करून क्ष = १०.५, य = १.५.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे १ तास १५ मिनिटं ‘१.१५ तास’ आणि १ तास ४० मिनिटं ‘१.४० तास’ लिहिणं. मग क्ष सुमारे ११.९ आणि य सुमारे १.२ येतो, आणि दोन्ही अगदी खरे वाटतात! म्हणून ताळा समीकरणांत नाही, मूळ मजकुरात घालायचा: त्या वेगाने १५ किमीला घड्याळात किती मिनिटं लागतील?

याच होडीचं अवघड रूप असं: प्रवाहाविरुद्ध १८ आणि प्रवाहाबरोबर २४ किमी मिळून ४ तास, विरुद्ध ९ आणि बरोबर ३६ किमी मिळूनही ४ तास. वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, त्यामुळे चलं छेदात जातात. १/(क्ष − य) = अ आणि १/(क्ष + य) = ब धरलं की १८अ + २४ब = ४, ९अ + ३६ब = ४. यातून ब = १/१२, अ = १/९. बरेच जण इथेच थांबतात आणि वेग ‘ताशी १/९ किमी’ लिहून मोकळे होतात. उलटवून क्ष + य = १२, क्ष − य = ९ मिळवायचं; पुढे वरचंच उत्तर.

पुस्तकातला प्रवाह एकाच दिशेला वाहतो, खाडीचं पाणी मात्र साधारण सहा तासांनी फिरतं. जाणता तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, सुकतीबरोबर बाहेर पडतो आणि भरतीबरोबर परततो. दोन्ही वेळा प्रवाहाचा जोर सारखा धरला तर जातानाचं समीकरण क्ष + य = १२ आणि येतानाचंही क्ष + य = १२. निश्चयक शून्य, उत्तरं अनंत: १० आणि २ चालतं, ११ आणि १ सुद्धा. नोंदी दोन असल्या तरी माहिती एकच आहे.

वेगळी माहिती हवी तर भरती-सुकतीच्या मधे पाणी थांबतं तेव्हा होडी चालवून बघायची. तो वेळ थोडाच असतो, म्हणून अंतर लहान घ्यायचं. १.७५ किमीला १० मिनिटं लागली तर क्ष = १०.५, आणि १२ मधून तो वजा केला की य = १.५.