घोळीचा रस आणि माझी उन्हाळी

उन्हाळी लागली की माणूस कुणाचंही ऐकतो. लघवीला बसताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि मावशी फोनवर म्हणाली, "अगं, घोळ खा. थंड असते." घोळ म्हणजे कुंडीत, वाफ्यात, फरशीच्या भेगेत उगवणारी लालसर देठांची मांसल भाजी. इतकी वर्षं मी ती तण म्हणून उपटून फेकत आले होते.

पहिल्याच दिवशी चुकले. घोळीशेजारीच दुधी पसरलेली असते (भोपळा नव्हे, ते दुधी नावाचं तण) आणि घाईत दोन्ही एकाच मुठीत आल्या. निवडताना एक देठ मोडला आणि बोटाला पांढरा चीक लागला, म्हणून वाचले. घोळीच्या देठातून पाण्यासारखा स्वच्छ रस येतो, चीक कधीच येत नाही. तिचं पान जाड आणि गुळगुळीत असतं, फूल इवलंसं पिवळं. तेव्हापासून मी प्रत्येक देठ मोडून बघते. वेळखाऊ काम आहे, पण दुधीचा चीक पोटात नको.

खरी चूक पुढे झाली. मावशीने भाजी खायला सांगितली होती. मी मात्र "औषध" म्हटल्यावर ते कच्चं, हिरवं आणि उपाशीपोटीच घ्यायचं असतं अशा समजुतीने रोज सकाळी दोन मुठी पानं मिक्सरमधून काढून ग्लासभर रस प्यायला लागले. तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली. ती रसामुळे थांबली की त्याच दिवसांत मी तांब्याने पाणी प्यायला लागले होते म्हणून, हे आज विचाराल तर मी पाण्याला जास्त गुण देईन. तेव्हा मात्र सगळं श्रेय घोळीला गेलं आणि रस तीन आठवडे चालू राहिला.

जुन्या वैद्यकात घोळीला मान आहे, हे खरंच. संस्कृतात ती लोणी, घोटिका. खारट-आंबट चवीची, मूळव्याधीवर आणि मंदाग्नीवर सांगितलेली. चिनी वैद्यकात पानांच्या आकारावरून तिचं नाव 'घोड्याचे दात' अशा अर्थाचं आहे, आणि रक्ती आवेसाठी ती आजही त्यांच्या अधिकृत औषधसूचीत आहे. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस ती डोकेदुखीवर आणि पोटातल्या जळजळीवर सांगतो, शिवाय दात आंबले तर चावायलाही! माझे दात तर घोळ चावूनच आंबायचे. असो.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी उजव्या कुशीत कळ आली. लघवीची तपासणी झाली आणि अहवालात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक भरपूर असल्याचं आलं. सूक्ष्मदर्शकाखाली ते छोट्या लिफाफ्यांसारखे दिसतात म्हणे. सोनोग्राफीत खडा नव्हता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हल्ली नवीन काय खाताय?" मी अभिमानाने रसाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

घोळीत ऑक्झलेट भरपूर असतं. १०० ग्रॅम ताज्या पानांत साधारण १ ग्रॅम, कधी त्याहून जास्त. म्हणजे ती पालकाच्याच पंगतीतली. शरीरात गेलेलं ऑक्झलेट लघवीवाटे बाहेर पडताना कॅल्शियमला धरतं आणि त्याचे स्फटिक होतात. मी ज्या वाटेची आग विझवायला निघाले होते, तिथेच खडी टाकत होते.

मग चोवीस तासांची लघवी गोळा करण्याचा कार्यक्रम. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची आणि तिथून पुढची प्रत्येक लघवी, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीसकट, कॅनमध्ये. एकदा चुकलात की पुन्हा पहिल्यापासून. मी दुपारी एकदा विसरले, त्यामुळे तो सोहळा दोनदा केला. ऑक्झलेट वाढलेलं निघालं. रस बंद, पाणी भरपूर. महिन्याभराने पुन्हा कॅन भरला, तेव्हा आकडा मर्यादेत आला होता.

मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "रस कुणी सांगितला तुला? आम्ही घोळ शिजवून, दह्यात कालवून खायचो." तिला ऑक्झलेट हा शब्द माहीत नाही, पण तिची पद्धत चोख आहे. पानं उकळून पाणी ओतून दिलं की विरघळणारं ऑक्झलेट बरंचसं पाण्याबरोबर जातं. उरलेल्यातलं काही दह्यातलं कॅल्शियम आतड्यातच धरून ठेवतं, मग ते रक्तात उतरत नाही.

सकाळच्या रसाने दात जास्त का आंबायचे, तेही नंतर कळलं. पाण्याची ओढ असली की घोळ रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा उन्हात ते खर्च करते. म्हणून पहाटेची घोळ आंबट, संध्याकाळची सौम्य. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की प्रकाशसंश्लेषणाच्या दोन वेगळ्या पद्धती ही वनस्पती एकाच पेशीत चालवते. मी आता संध्याकाळी खुडते. कारण साधं, चव बरी लागते.

घोळ मी सोडलेली नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी, उकळून, दह्यासोबत. डास चावला की पान चुरगाळून लावते. तो बुळबुळीत गर थंड वाटतो, खाज उतरते, यापलीकडे माझा दावा नाही. उन्हाळी पुन्हा लागली तर मात्र आधी तपासणी, कारण जळजळ जंतुसंसर्गाचीही असते आणि त्याला भाजी पुरत नाही. ज्यांना खडा होऊन गेलाय किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांना मी घोळीची जुडी देतच नाही. गर्भवतींना औषध म्हणून तर नाहीच.

गेल्या आठवड्यात निवडताना एक जुडी ओट्याच्या कडेला राहून गेली होती. चार दिवसांनी बघितलं तर मुळं उघडी, खाली मातीचा कण नाही, आणि शेंड्याला पिवळं फूल.